दाढीवाल्या आसरा

आमच्या नदीकाठी आता उद्यान झालंय. फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘निसर्ग व वारसा उद्यान’. निसर्ग म्हणजे प्लास्टिकची हिरवळ आणि सिमेंटचं हरीण. वारशाचं पुढे सांगतो.

लेक धाड गावाला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना झाला की बाळंतिणीनं नदीवर जायचं, काठच्या सात आसरांची ओटी भरायची आणि नदीचं पाणी बाळाच्या कपाळाला लावायचं, ही आमच्याकडची रीत. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. दिसायला नुसते शेंदूर फासलेले गोटे, ना नाक ना डोळे. लेकीच्या कपाळालाही तिच्या आईनं इथलंच पाणी लावलं होतं. आता नातीची पाळी.

जाऊन पाहतो तर काठावर गोटे नाहीत! ते वर, टाइल्सच्या ओट्यावर. शेंदूर खरवडून काढलेला आणि प्रत्येकाला ऑइलपेंटनं डोळे, जटा, पांढरीशुभ्र दाढी. शेजारी पाटी: ‘सप्तर्षी’. सात दगड म्हणजे ऋषीच असणार, असं कुण्या दीडशहाण्यानं ठरवलं. गावातल्या एका बाईला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण बायांना कोण विचारतो? माझं डोकंच सणकलं.

बायको खण-नारळ घेऊन तशीच उभी. “मले सांगा, दाढीवाल्याची ओटी कशी भरू मी?”

उद्यानाचा चौकीदार फिसकन हसला. मी त्याला नको नको ते बोललो. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, पण ते तेल कुठंतरी निघणारच होतं.

“सरका बाजूले,” म्हणत बायको कठड्याच्या फटीतून खाली उतरली. मागून मी लेकीला हात धरून उतरवलं. बायकोनं काठावरचे दुसरे सात गोटे ओळीनं मांडले, कुंकू लावलं, ओटी भरली आणि पाण्यासाठी वाकली. पाणी काळं होतं. फिरायच्या रस्त्याखालून गावाच्या गटाराचा पाइप सरळ नदीत सोडलेला. सगळं सुशोभित केलं, नदी तेवढी सोडून.

लेकीनं बाळ छातीशी घेतलं, मागं सरली. “आई, नोको वं. पोरीच्या कपायाले हे नोको लावू.”

बायकोचा हात तिथंच थांबला. मग तिनं लेकीच्या पिशवीतली दुकानातली पाण्याची बाटली घेतली, झाकणाचं सील फोडलं, थोडं पाणी आसरांवर वाहिलं आणि ओलं बोट नातीच्या कपाळाला टेकवलं. नदी आमच्या पायाशी होती.