मामांचं ‘अंहं’

सगळा तबेला त्यांना मामा म्हणायचा, वयाने मोठा असलेला ट्रेनरसुद्धा. मामा शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार. सकाळी खरारा, मग फेरफटका, मग घोड्याचे पाय गार पाण्यात, आणि मधल्या वेळात घोड्याशी गप्पा. माझ्याशी एवढं बोलला असतात तर, असं बायको म्हणायची आणि वाक्य तिथेच सोडून द्यायची.

एकदा त्यांच्या हाती दोन वर्षांचा एक तांबूस घोडा आला. जिथे उभा करावा तिथे खांबासारखा उभा, म्हणून त्याचं नाव पडलं ठोंब्या. कागदावरचं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण त्या नावाला त्याने कधी कानसुद्धा हलवला नाही. पळायला लागला की मात्र बघणाऱ्यांची बोलती बंद. पहिल्या दोन शर्यती त्याने सहज मारल्या. तिसरीच्या आधी समोरून एक पांढरी घोडी गेली आणि स्वारी पाघळली. खिंकाळला काय, मागच्या पायांवर उभा राहिला काय, आणि शर्यतीत आला शेवटून दुसरा. ट्रेनरने सगळ्यांदेखत मामांची हजेरी घेतली.

मामांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्या दिवसापासून घोडी बघून ठोंब्याने कान टवकारले रे टवकारले, की मामा नाकातून ‘अंहं’ म्हणायचे आणि दोराला हलका झटका द्यायचे. सहा महिन्यांत झटक्याची गरज उरली नाही. नंतर तर ‘अंहं’चीही उरली नाही, मामा दिसले तरी पुरे. पुढच्या अठरा शर्यतींत अकरा पहिले नंबर आले. त्याचं श्रेय मामा बिनदिक्कत स्वतःकडे घ्यायचे.

मग एका हंगामात पुढच्या पायाची शीर सुजली आणि शर्यती संपल्या. ठोंब्याला पैदाशीसाठी फार्मवर पाठवलं, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून तो खात नाही म्हणून मामांनाही. तिथे दोन खोल्या मिळाल्या. बायकोला जन्मात पहिल्यांदा ओट्यासमोर खिडकी मिळाली. तिने त्याच दिवशी पिवळा पडदा शिवला आणि आता मी इथून हलायची नाही, असं जाहीर करून टाकलं.

पण ठोंब्याने घोळ घातला. घोडी समोर आणली की कान टवकारायचा, मग मामांकडे बघायचा आणि मान खाली घालून खांब व्हायचा. एक घोडी झाली, चार झाल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, खुराक बदलला. तीन आठवड्यांनी मॅनेजरबाईंनी सांगून टाकलं, शनिवारपर्यंत बघू, नाहीतर याला खच्ची करून रायडिंग क्लबला देऊ.

मामा जेवायला घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. त्यांनी सगळं सांगितलं. बायको वाढता वाढता थांबली.

“तो घोडीकडे बघतो की तुमच्याकडे?” तिने विचारलं.

मामांचा घास हातातच राहिला. आपलंच शिकवणं घोड्याच्या मुळावर आलं होतं, आणि ते कबूल करायचं म्हणजे आपल्याला घोड्यापासून लांब जावं लागणार, खोल्याही जाणार. बायकोने एकदा पडद्याकडे बघितलं.

“सांगून टाका त्यांना,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मॅनेजरबाईंना कारण सांगितलं, दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि ते गवताच्या गोदामामागे जाऊन बसले. थोड्या वेळाने कित्येक वर्षांत न ऐकलेलं खिंकाळणं ऐकू आलं. मामांना हसूही आलं आणि रडूही.

पण मामांचा नुसता वास आला तरी ठोंब्या पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागायचा, त्यामुळे तो दुसऱ्याच्या हातून खायला लागल्यावर, महिन्याभरात नवरा-बायको जुन्या तबेल्यावर परतली. बायकोने पडद्याची घडी करून ती ट्रंकेत ठेवली. तिकडे ठोंब्याने इतक्या वर्षांची कसर भरून काढली. पाच-सहा वर्षांत त्याची पोरं जागोजागी शर्यती मारू लागली, आणि त्याच्याकडे घोड्या पाठवणाऱ्यांची रांग लागली.

मग त्यातलाच एक तांबूस पोरगा मामांच्या हाती आला. तोही खांबासारखा उभा राहायचा. पहिल्याच आठवड्यात समोरून घोडी गेली, त्याने कान टवकारले आणि सगळा तबेला दणाणेल असा खिंकाळला. मामा दोर सैल धरून उभे होते.

“मामा, गप्प का?” ट्रेनर म्हणाला. “बापाला शिकवलंत तसं यालाही शिकवा की.”

“पळायचं तेवढं शिकवतो,” मामा म्हणाले.