मावशींच्या घरची रशियन जयंती

बातमी आली तेव्हा मी पिस्कॅटवेच्या ग्रोसरी स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत होते. वरच्या मजल्यावरच्या निखिलचा फोन. “ताई, आई गेली... झोपेतच.” खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. आदल्याच संध्याकाळी त्याच्या आईने, आमच्या सुलभामावशींनी, बजावलं होतं, “मंजू, यंदा जयंतीचं श्रीखंड तुझ्याकडे. डब्यातलं विकतचं आणलंस तर बघ!” आणि एवढं फर्मान सोडून स्वतः चालत्या झाल्या?

मावशी पुण्यात कॉलेजात रशियन शिकवायच्या. काका गेल्यावर त्या इथे परदेशात मुलाकडे, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. इथल्या बाकीच्या आज्या नातवंडांमागे धावत असताना या बाईंनी जिन्यात एक रशियन शेजारीण गाठली. तिचं नाव वेरा, आमच्या तोंडी वेराबाई. वेराबाईंचा एकुलता एक मुलगा अल्योशा शिकागोला असतो. वडिलांच्या आजारपणात मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याने बोलणंच टाकलं. मे महिन्यात त्याचा वाढदिवस आला की बाई दिवसभर मांडीवर फोन घेऊन बसायच्या. तो काही वाजायचा नाही.

यावर मावशींनी काय करावं? त्याच तारखेला रशियात आणखी कोण कोण जन्मलं ते हुडकून काढलं आणि आपल्या घरी चक्क जयंती सुरू केली! शाळेत करतात तश्शी. टेबलावर चादर, फोटो, हार, उदबत्ती. एक कवी, एक गणिती, एक नर्तकी. बुडालेल्या एका जहाजातल्या खलाशांचं त्या दिवशी तिकडे स्मरण करतात, त्यांच्यासाठी समई. मावशी प्रत्येकाबद्दल आधी रशियनमध्ये बोलायच्या, मग आमच्यासाठी मराठीत, आणि बोलायला लागल्या की त्या कवीची बायको काय स्वैपाक करायची इथपर्यंत जायच्या. कवी खरं तर जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे त्या दिवशी जन्मलेला, नव्याप्रमाणे नव्हेच. “मावशी, हे चीटिंग आहे यार,” मी म्हटलं. “का गं? तुझी आई तुझा वाढदिवस तिथीने करते आणि तू तारखेने केक कापतेस, तेव्हा नाही होत चीटिंग?”

पहिल्याच वर्षी घोळ झाला. वेराबाईंनी हौसेने अल्योशाचाही फोटो आणून रांगेत ठेवला आणि मावशींनी बोलण्याच्या भरात त्यालाही हार घातला. आम्ही सगळे गारच पडलो. जिवंत माणसाच्या फोटोला हार! वेराबाई मात्र कौतुकाने बघत होत्या, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? मावशींनी क्षणभर डोळे मिटले... मग हार काढला, वेराबाईंच्या गळ्यात घातला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. बाई रडायला लागल्या. मी विचारलं तेव्हा मावशींनी मराठीत सांगितलं, “म्हटलं, जन्म तू दिलास ना? मग सत्कार तुझा.” ऐन वेळी असं सुचायला मन मोठं लागतं हो. माझ्या पाहण्यात एवढ्या मनाचं दुसरं माणूस नाही.

यंदाचा तो दिवस त्या गेल्यावर काही आठवड्यांनी आला. निखिल म्हणाला, “कॅन्सल करू या ताई, मला नाही जमणार.” पण दुपारी वेराबाई ठेवणीतला ड्रेस घालून दारात हजर. मग काय, निखिलने मुकाट्याने फोटो मांडले. रशियन समजणारं आता आमच्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून वेराबाईच अडखळत इंग्लिशमध्ये कवीबद्दल सांगू लागल्या. तेवढ्यात मावशींचा मोबाइल वाजला. निखिल तो अजून रोज चार्ज करून ठेवतो.

निखिल जागचा हलेना, म्हणून फोन मी उचलला. एक पुरुष इंग्लिशमध्ये विचारत होता, “सुलभा मॅडम आहेत? मी शिकागोहून बोलतोय. दर वाढदिवसाला सकाळी त्यांचा फोन येतो. आज कोण कोण जन्मलं ते सगळं ऐकवतात आणि शेवटी सांगतात, तुझी आई दुपारी माझ्याकडे असेल. मी काही न बोलता ठेवून देतो... आज त्यांचा फोनच आला नाही. त्या बऱ्या आहेत ना?”

आमच्यापैकी कुणालाही, अगदी निखिललासुद्धा, यातलं काही माहीत नव्हतं. मावशी गेल्याचं मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं, “आई आहे का तिथे?”

मी फोन वेराबाईंच्या हातात दिला.