वाजणारं छप्पर

शिकाऊ माणूस चौकात गांगरला की मास्तरीणबाई एकच सांगायच्या, "ब्रेक की ॲक्सिलरेटर, एक काय ते ठरवा. पाय अधांतरी नको." गाडी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आज मात्र त्यांचाच पाय अधांतरी होता.

गॅरेजचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली होती. रात्री गाडी आत घालून शटर ओढलं की अख्खं छप्पर खडखडायचं आणि भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज यायचा, "आली वाटतं तोफगाडी." म्हातारीला निवांत झोप लागावी म्हणूनच तर नवं छप्पर घालायचं काढलं होतं. जुना पत्रा सकाळीच उतरवून झाला होता.

छप्परवाल्याने अंगणात नमुने मांडले. "पत्रा टिकतो, पण तापतो. सिमेंटचा वाजत नाही, पण जड. फायबर हलका, पण पिवळा पडतो."

"मग चांगला कुठला?"

"सगळेच चांगले, ताई."

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू म्हणशील तो. फक्त फायबर नको. आणि सिमेंटचा नको. पत्र्याचं तर नावच काढू नकोस."

शेवटी बाईंनी झारी भरली आणि सासूबाईंच्या खिडकीखाली एकेका नमुन्यावर पाणी ओतलं. "आई, कुठला कमी वाजतो?"

सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "हा सिमेंटचा. अगदीच मुका आहे."

"मुकाच हवा ना. रोज झोपमोड होते तुमची."

"झोपतंय कोण? तू आलीस हे कळल्यावरच मी कूस बदलून डोळे मिटते."

बाईंच्या हातातली झारी तिरकी झाली. चपला भिजल्या. "मग ते तोफगाडी?"

"मग काय गाणं म्हणू?"

बाई तडक गॅरेजकडे गेल्या आणि शटर खाली ओढलं. वर छप्पर नव्हतं, त्यामुळे नुसतीच घरघर झाली.

"कोण आहे?" आतून सासूबाईंनी विचारलं.

बाई छप्परवाल्याकडे वळल्या. म्हणाल्या, "पत्राच घाला."

"बेस. रबर घालून असा घट्ट बसवतो, हूं की चूं करणार नाही."

"तसा नको. थोडा वाजू दे."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे पाणी गळायला नको, पण खिडकीपर्यंत ऐकू जायला हवं."

छप्परवाल्याने आधी पत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं.

"ताई, वाजायला हवाय की नकोय? एक काय ते ठरवा."

"हवाय," मास्तरीणबाई म्हणाल्या, खिडकीकडे बघत, अगदी हळू आवाजात.