मुंबईतली शेवटची जागा

"आधी कोण आलं?" हा आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या न्हाव्यापासून आमच्या विमान कंपनीच्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी ऐकलेला. आम्हा वैमानिकांना न्यायला कंपनीची गाडी नाक्यावर यायची. मी आधी पोचलेला असलो, तर हे खिडकीपाशी बसायला तयार नसत. वयाने माझ्याहून पुष्कळ मोठे, युद्धात विमानं चालवून आलेले, आणि बसणार मध्ये, गुडघे पोटाशी घेऊन! असला शेजारी तुम्हीही पाहिला असेल. आधी हसू येतं, मग राग येतो.

वैमानिकांच्या संघटनेचे ते चिटणीस. कोणी कुठल्या शहरात राहायचं, कोणाला कधी रजा, हे नोकरीला लागलेल्या क्रमाने ज्याने त्याने निवडायचं, असा करार त्यांनी कंपनीशी भांडून केला होता. एका दिवाळीत क्रम सोडून रजा मिळवून द्या म्हणून मी त्यांच्याकडे चकल्या घेऊन गेलो. त्यांनी चकल्या खाल्ल्या, रजेचं नाव काढलं नाही.

"शेजारी असून काही कामाचा नाही मेला!" आई करवादली.

पुढे कंपनीने निम्मी विमानं कलकत्त्याला हलवली. निवड होत होत मुंबईत एकच जागा उरली. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, आणि तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. क्रम माझा होता. माझ्यामागे ते, कारण कंपनीत ते माझ्यानंतर लागले होते. साहेबांनी जागा देऊ केली ती मात्र त्यांना. चिटणीस खूश असलेला कोणाला नको असतो?

आम्ही दोघंही तेव्हा साहेबांच्या खोलीतच होतो.

"साहेब, हा माझ्या आधी लागलाय," ते म्हणाले.

"अहो, तुमचा अनुभव केवढा! हा कालचा पोरगा."

"करारात अनुभव लिहिलेला नाही. जागा याची. नाही दिलीत, तर उद्या आमच्यातला एकही जण विमानात चढणार नाही."

साहेबांनी मुकाट्याने जागा मला दिली. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरून रडायला लागलो.

"अरे, रडतोस काय? उपकार नाहीत हे, करार आहे."

आठवड्याभरात ते बायकोमुलींना घेऊन कलकत्त्याला गेले. पुन्हा ठाण्यात राहायला आले नाहीत.

त्या श्रावणात आई गेली. ते काहीही म्हणोत, मी याला उपकारच म्हणतो. तिने शेवटचं पाणी माझ्या हातून घेतलं.