टॉर्च कुणी धरला होता

गल्लीच्या तोंडाशी जेमतेम दोन माणसं मावतील एवढं दुकान, वर टांगलेली पत्र्याची भलीमोठी किल्ली आणि आत स्टुलावर ती. सगळे तिला किल्लीवालीच म्हणतात. दुकान वडिलांचं. अब्बांची नजर अधू झाली तेव्हा मदतीला म्हणून ती बसू लागली आणि अब्बा गेल्यावर बसूनच राहिली. जीभ तिखट, पण कानस फिरवणारा हात सरळ. गिऱ्हाइकाला तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, मूळ किल्ली आणलीय का? नक्कल आणली असेल तर ती परत पाठवते. नकलेवरून काढलेली नक्कल केसभर चुकते, तिच्यावरून काढलेली आणखी केसभर, आणि शेवटी हातात उरतो तो किल्लीसारखा दिसणारा नुसता तुकडा.

तिचा धाकटा भाऊ मौलाना आहे. ज्याची शाळेची पिशवी हिनं वाहिली, त्याचं शुक्रवारचं बयान ऐकायला आता मशिदीच्या पायऱ्यांवर चपला ठेवायला जागा उरत नाही. बोलतो छान, हे तीही नाकारत नाही. पोटात दुखतं ते वेगळ्याच कारणानं. तो अब्बांच्या गोष्टी सांगतो.

त्यातली कुलपाची गोष्ट फारच गाजली. एक माणूस अब्बांना बोलवायला आला, घराची किल्ली हरवलीय म्हणाला. अब्बांना कधी कुठलं कुलूप अडलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी तार घातली, कुराणातली आयत पुटपुटली आणि कुलूप हलेचना. तसा तो माणूस ढसाढसा रडायला लागला. घर त्याचं नव्हतंच. चोर होता तो. त्या दिवसापासून सुधारला. इथवर आलं की मौलानांचा आवाज भरून येतो आणि पडद्यामागच्या बायका डोळे पुसतात.

किल्लीवाली पडद्यामागेच बसलेली असते, कोरड्या डोळ्यांनी. कारण त्या अंधाऱ्या जिन्यात टॉर्च तिनं धरला होता. घर त्या माणसाचंच होतं. दारावर त्याच्या नावाची पाटी होती. अब्बांना मोतीबिंदू झाला होता, तार भोकात जाईना. ते पुटपुटत होते हे खरं, पण आयत नव्हे. कुलपाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. त्या माणसानं वैतागून दुसरा किल्लीवाला आणला. घरी परतताना अब्बा तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, आणि त्या हाताचं वजन तिला अजून आठवतं. धाकटा तेव्हा दूर मदरशात होता. पथ्यपाणी, औषधं, अंथरूण सगळं हिनं केलं, पण अब्बांच्या तोंडी नाव धाकट्याचं. आता गोष्टीतही हिला जागा नाही. लोक दुकानात येतात, अब्बांची कानस डोळ्यांना लावतात आणि विचारतात, "तुम्ही मौलानांच्या बहीण ना?" तिच्या अंगाचा तिळपापड होतो.

या जळफळाटातच तिला वाचायचा नाद लागला. वाचनालयातून ती इस्लामच्या आरंभाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणू लागली. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर पुस्तक. पैगंबरांची आज हाती असलेली जुन्यात जुनी सविस्तर चरित्रं त्यांच्यामागून शे-सव्वाशे वर्षांनी, कुठे त्याहूनही उशिरा लिहिली गेली, हे तिनं वाचलं आणि ती थबकली. मधल्या काळात सगळं तोंडोतोंडी, यानं त्याच्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून. जुन्या पंडितांनी या साखळ्यांची कडी न् कडी तपासून टोपलीभर गोष्टी खोट्या म्हणून बाजूला काढल्या होत्या. पण खऱ्या म्हणून ठेवलेल्यांचं काय? आमच्या अब्बांचं कफन जुनं व्हायच्या आत ते असे गोष्टीतले झाले, मग तिथं काय काय झालं असेल? आणि हे एकाच धर्माचं कशाला, जिथं जिथं कुणी उंचावर बसून मागच्यांचं सांगतो आणि खाली बाकीचे माना डोलावतात, तिथं सगळीकडे हेच असणार. अल्ला आहे की नाही यात ती पडली नाही. त्याच्या वतीनं बोलायचं दुकान कुणी, कधी थाटलं, हे तिला खुपत होतं. आता ही शंका सत्याच्या ओढीनं आली की भावाच्या मत्सरानं, हे तिला विचारलं असतं तर तिनं कानस उगारली असती.

एका दुपारी धाकटा दुकानात आला. ती चहा ओतत होती. न राहवून बोलून गेली की तो चोर नव्हता, अब्बांना दिसत नव्हतं आणि टॉर्च मी धरला होता. नकलेवरून नक्कल काढतोस तू, म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. "आपा, मी मनाचं काही घातलं नाही. मला हे अब्बांनीच फोनवर सांगितलं."

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हणजे मूळ किल्लीच वाकडी होती. नजर गेली हे लाडक्या लेकाला कळू नये म्हणून अब्बांनी घरी येऊन चोर रचला आणि लेकानं त्याला रडवला. हिच्यापासून लपवायची त्यांना गरज नव्हती. की त्यांच्या लेखी हिची किंमतच नव्हती? दोन्ही विचार एकदमच आले आणि तिला त्यातला एक निवडता येईना.

"तू म्हणशील तर येत्या शुक्रवारी खरं काय ते सांगतो," तो म्हणाला. त्याला सांगायचं असावं, निदान त्या क्षणी तरी. "अब्बा आंधळे झाले होते म्हणून सांगू?"

चारचौघांत अब्बांना आंधळं, खोटं म्हणायचं. जो हात खांद्यावर होता तो असा झटकायचा. तिला ते जमेना.

"ते नको," ती म्हणाली. मग भांडं पुसत, त्याच्याकडे न बघता, "पण मी होते तिथं. तेवढं सांग."

शुक्रवारी त्यानं सांगितलं. चोर होता, आयत होती, रडणं होतं. फक्त या वेळी म्हणाला, "आणि हे नुसतं ऐकीव नाही. माझी आपा तिथं हजर होती. टॉर्च तिनं धरला होता."

पडद्यामागे सगळ्या माना वळल्या. शेजारच्या म्हातारीनं सरकून तिचा हात धरला. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना, बेटी?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला विचारत होतं. मौलानांची बहीण म्हणून नव्हे, तिला. वाचलेली सगळी पुस्तकं तिच्या घशाशी आली. त्या साखळ्यांतल्या कुठल्यातरी पहिल्या माणसालाही कुणी असंच हात धरून विचारलं असेल, असं तिला वाटून गेलं.

"टॉर्च मीच धरला होता," ती म्हणाली.

हे खरंच होतं. म्हातारीनं तिचा हात डोळ्यांना लावला आणि वळून पलीकडच्या बाईला सांगितलं की हिनं स्वतः पाहिलंय. पलीकडचीनं तिच्या पलीकडचीला. किल्लीवाली ऐकत होती. हात सोडवून घ्यावा असं दोनदा मनात आलं, पण म्हातारीची पकड ऊबदार होती.