पोत्याच्या तोंडाचा धागा

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये मी सुपरवायझर म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथला कचरा दर शनिवारी जाळत असत. मिलच्या मागे कुंपणाला लागून ढीग असायचा. फाटकी पोती, टरफलं, यंत्रं पुसलेल्या तेलकट चिंध्या, जमिनीवरून झाडलेली डाळ, सगळं एकात एक. शनिवारी दुपारी त्याला काडी लावायची आणि सोमवारपर्यंत सगळ्यांनी खोकत बसायचं. मी वलगावची, तोंडाने फटकळ. दुसऱ्याच शनिवारी मी काडेपेटी काढून घेतली आणि शेठजींना सांगितलं, "यातलं निम्मं जनावरांनी खाण्यासारखं आहे. जाळता कशाला?"

"करून दाखवा," शेठजी म्हणाले. त्यांना वाटलं असावं, आठवड्याभरात थकेल.

मी करून दाखवलं. तेलकट चिंध्यांसाठी झाकणाचं पिंप आणलं आणि ते उचलायला रीतसर परवाना असलेला माणूस शोधला. फाटकी पोती वेगळी बांधायला लावली. डाळीचा चुरा, म्हणजे चुनी, ढोरांच्या खाण्यासाठी आधीपासून जातच होती. राहिली जमिनीवरची झाडण. तीही वाया जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं, एक बारीक चाळणी आणि माती उडवायला पंखा बसवला आणि चाळलेली झाडण चुनीत मिसळू लागले. "आमच्या फाटकातून कचरा म्हणून काहीच बाहेर जात नाही," हे वाक्य मी येईल त्याला ऐकवायचे. शेठजी पाहुण्यांना आधी माझी चाळणी दाखवायचे, मग चहा विचारायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

झाडायचं काम एक मावशी करायच्या, माझ्या कितीतरी आधीपासून. त्यांनी एकदा मला चाळणीजवळ थांबवलं.

"मॅडम, चुनीत धागा जाऊन राहिला."

"चाळणी हाय नं मावशी."

"चाळणीतून उभा निंगते तो. हे लोकं पोत्याचं तोंड कापते नं, त्याचे तुकडे."

हा धागा समजून घ्यायला हवा. आपल्या बाजारातून येणाऱ्या पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं असतं. परदेशातून आलेल्या तुरीची पोती मात्र मशीनवर शिवलेली, लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या धाग्याची. त्या शिलाईचं बरोबर टोक सापडलं तर अख्खा धागा सर्रकन हातात येतो. चुकीचं ओढलं तर तो तिथेच आवळून बसतो. टोक शोधायला कुणाला सवड? हमाल विळ्याने तोंड कापायचे आणि बोटबोट लांबीचे तुकडे जमिनीवर पडायचे. पण मी रसायनशास्त्र शिकलेली, आणि मावशी मला चाळणी शिकवत होत्या! मी हसून "पायते" म्हणाले आणि पाहिलं नाही.

मिलची एक रीत होती. ज्या हमालाच्या घरी जनावर असेल, त्याला महिन्याला चुनीचं एक पोतं मिळे. शहराबाहेरच्या खेड्यातून सायकलने येणाऱ्या एका हमालाकडे बैलजोडी होती. घरच्या माणसांबद्दल तो कधी बोलायचा नाही, बैलांबद्दल थांबायचा नाही. पोळा पंधरा दिवसांवर आला असताना तो तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी आला आणि माझ्या टेबलावर एक पिशवी ठेवली. आत मुठीएवढा गोळा होता, पाण्याने धुतलेला. लाल-पांढरा.

"डॉक्टरनं पोट फाडून काढला," तो म्हणाला.

"बैल?"

"हाय. उभा हाय. पन खाऊन नाई राहिला."

मी तो गोळा उचलून शेठजींपुढे नेला. शेठजी हलक्या आवाजात म्हणाले, "धागा कुठूनही गेला असेल. आपण अंगावर का घ्यायचं?"

"त्याच्या गोठ्यात परदेशातून तूर येते का?" मी ओरडलेच. मग बाहेर गेले आणि पोती उतरवायच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी आहे. मावशींनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. बोलताना फार लाज वाटली. त्या दुपारी जिथे जिथे चुनी गेली होती तिथे फोन करून ती परत मागवली. डॉक्टरचा खर्च मिलने केला. एवढ्याने बैल खायला लागणार नव्हता, हे मलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी चाळणी काढून टाकली. विळे मावशींच्या ताब्यात दिले आणि पोतं कसं उघडायचं ते त्यांनीच हमालांना शिकवलं. "आंधी टोक पाहा, मंग हात लावा," एवढाच त्यांचा धडा. हमाल कुरकुरले, पण मावशींपुढे कुणाचं चाललं नाही. चार-पाच दिवसांत अख्खे धागे खिळ्याला लटकू लागले. झाडण आता निवडून खताच्या खड्ड्यात जाते आणि जी निवडता येत नाही ती थोडी कचरा म्हणून फाटकाबाहेर जाते. पाहुण्यांना मी ते स्वतःहून सांगते. जे जनावराच्या तोंडी घालता येत नाही ते कचराच, हे मान्य करायला मला एक बैल लागला.

पोळ्याच्या दोन दिवस आधी तो हमाल ओट्यावरूनच म्हणाला, "रवंथ करून राहिला." मी टेबलावर डोकं टेकवून रडले.

बैल वाचला. पण हमालाने चुनी नेणं बंद केलं. दर महिन्याला त्याचं पोतं बाजूला काढून ठेवायचे, तो नेत नसे. 

वर्षभराने, पुन्हा पोळ्याच्या तोंडावर, तो आला आणि त्याचं पोतं मागितलं. फाटकातच त्याने ते माझ्यासमोर उघडलं; आमची चुनीची पोतीही मशीनवरच शिवतात, फक्त पांढऱ्या धाग्याने. टोक पाहिलं, ओढलं, धागा एका दमात निघाला. मग कोपरापर्यंत हात घालून त्याने तळाची चुनी वर काढली, उन्हात पसरून पाहिली, पुन्हा हात घातला. मी आणि मावशी उभ्याच होतो. 

शेवटी त्याने पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं, सायकलवर लादलं आणि तो लांब धागा माझ्या हातात दिला.

"हा इथंच ठेवा मॅडम," तो म्हणाला. "माह्या घरी नोको."

मावशींनी तो माझ्या हातून घेतला आणि खिळ्याला अडकवला.