वडगावची ताटली

पुसलेलं कुंकू आक्कानं परत लावायचं की नाही, हे विचारायला आम्ही बेळगावला निघालो. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, पलटणीबरोबर तुर्कांशी लढायला बसऱ्याकडं गेले होते. ते वारल्याची तार येऊन महिने लोटले होते. आणि परवा बेळगावच्या कॅम्पातला एक हवालदार शेजारणीकडं निळी-पांढरी ताटली ठेवून गेला. "आक्कांच्या मालकांनी धाडलीया," एवढाच निरोप. गेलेला माणूस ताटली धाडतो कशी?

निपाणीहून जाणार असाल तर सकाळची मोटार धरा आणि पुढं बसा. तवंदीच्या घाटात मागच्यांची आतडी गोळा होतात. संकेश्वरला गाडीत पाणी भरतात, तेवढ्यात झुणका-भाकरी मिळते. मिरची जपून! आक्कानं घाससुद्धा घेतला नाही. मांडीवरच्या ताटलीतली लांब देठाची निळी फुलं बघत राहिली. असली फुलं आपल्याकडं उगवत नाहीत.

कॅम्पात हवालदार भेटला. "व्हय, बसऱ्याच्या दवाखान्यात त्यांनीच दिली. मग मी मुंबईला पडून हुतो, म्हणून उशीर झाला."

"म्हंजे हाईत ते?" आक्कानं विचारलं.

"मी जहाजात चढलो तवा हुते. फुडचं ठावं न्हाय." मग तो चाचरला. "वळकटीत दोन ताटल्या हुत्या. दुसरी वडगावच्या डोलीवाल्याची. कुनाची कुठली, ध्येनात न्हाय."

तार खरी की हवालदार? ही ताटली तरी आमची का?  टांग्यानं वडगाव गाठलं.

डोलीवाला, म्हणजे लढाईत जखमींना उचलून नेणारा, आता घरी परतून मागावर साडी विणत होता. आम्ही कोण ते सांगून ताटली पुढं केली, तसा तो उठला. "ही फुलांची माझी!" आतून त्यानं दुसरी आणली. तिच्यावर निळं शिडाचं गलबत. "ही तुमची. तुमचे मालक म्हनायचे, आमच्या हिनं समिंदर न्हाय बघितला, हिला दावतो."

"कुठं हाईत ते?"

त्यानं मान खाली घातली. "हवालदार निघाला, त्याच आठवड्यात गेले, आक्का. अग्नी मीच दिला."

मागाचा खांब धरून आक्का रडली. तार आली तेव्हा रडली नव्हती.

परतीच्या मोटारीत मला एकच प्रश्न छळत होता. तिची आशा मोडायलाच मी तिला एवढं लांब नेलं का? 

घरी आई म्हणाली, "तुर्काचं भांडं चुलीपाशी नगं."

 आक्कानं गलबतावर भाकरी ठेवली आणि सकाळपासून उपाशी असलेली ती जेवायला बसली.